बावीस नंबरची पिल्लं

'काय करता?' या प्रश्नाला मी आयुष्यभर दोन उत्तरं दिली. परक्या माणसाला सांगायचो, 'बेळगावात साहेबाकडं नोकरीला आहे.' ओळखीच्याला सांगायचो, 'कोंबडीची पिल्लं निवडतो.' पहिल्या उत्तराला लोक बसायला जागा द्यायचे आणि दुसऱ्याला तोंडावर हात ठेवून हसायचे. माझं लग्न पहिल्या उत्तरावर जमलं. दुसरं उत्तर सासऱ्यांना कळलं तेव्हा हळद लागली होती, त्यामुळं त्यांचा इलाज चालला नाही. पुढं मात्र तेच पाहुण्यांना कौतुकानं सांगत, 'आमचे जावई विलायती कोंबड्यांचे मास्तर आहेत.'

दिवाळी अंकात वकील, डॉक्टर, जंगलखात्यातले अधिकारी आपले अनुभव लिहितात. त्यांच्याकडं खुनाचे खटले असतात, वाघ असतात. माझ्याकडं तळहातावर मावणारी पिल्लं आहेत, आणि ती चावतसुद्धा नाहीत. तरी संपादक लिहा म्हणाले, म्हणून लिहितो.

बेळगाव कॅम्पाच्या पलीकडं, गावाबाहेर एका निवृत्त गोऱ्या मेजराचा बंगला होता. बंगल्यामागं दहाबारा एकर माळ आणि त्यावर कोंबड्यांची घरं. साहेबानं विलायतेहून पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबड्या आणल्या होत्या. आपली गावठी कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडी देते आणि ती उबवायला खुडूक होऊन बसते. ही बया बसायचं नावच घेत नाही, नुसती अंडी घालत सुटते. पण तिचा हा गुण पुढच्या पिढीत टिकवायचा तर कोणतं पिल्लू पैदाशीला ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे दर वर्षी ठरवावं लागतं. ते ठरवणं म्हणजे माझी नोकरी. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बियाण्याचं कणीस निवडून बाजूला काढणारा बाप पाहिला होता, त्यामुळं साहेबानं पहिल्यांदा काम समजावलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. नवल एवढंच की कणीस हातात धरलं की ओरडत नाही.

बाहेरच्या माणसासाठी हे काम थोडक्यात सांगतो. पैदाशीच्या कोंबड्यांना सापळ्याची खोकी असत. कोंबडी अंडं घालायला आत शिरली की दार पडायचं. मग आपण जाऊन तिला सोडवायचं आणि अंड्यावर पेन्सिलीनं तिचा नंबर लिहायचा. उबवणीच्या पेटीत प्रत्येकीच्या अंड्यांना जाळीचा वेगळा कप्पा, म्हणजे कोणतं पोर कोणाचं यात घोळ नको. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली की पहिली चाळणी. डोळा चकचकीत आहे का, बेंबी मिटली आहे का, पायावर ताठ उभं राहतं का. जे ठेवायचं त्याच्या डाव्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याला चिमट्यानं बारीक भोक पाडायचं. उशिरा फुटलेलं, पायावर बसणारं, ओलसर पिल्लू काढलेल्यांच्या पाटीत. तिथं दया चालत नसे. पिल्लं दोन महिन्यांची झाली की दुसरी चाळणी. तुरा सरळ हवा, त्याला आडवा फाटा नको, पाय पिवळे हवेत, छातीचं हाड वाकडं नको. आणि मुख्य म्हणजे अंगावर पांढऱ्याखेरीज दुसऱ्या रंगाचं एकही पीस नको. त्यासाठी पिल्लू हातात धरून मानेवर, पाठीवर फुंकर मारायची, पिसं उलटी होतात आणि आतलं सगळं दिसतं. माझ्या बायकोला लग्नानंतर बरेच दिवस वाटायचं की मी कामावर मंत्र घालतो.

काढलेल्या पिल्लांचं पूर्वी काय व्हायचं ते मी लिहीत नाही. आमच्याकडं कारकून म्हणून भरमाप्पा आले आणि ते बंद पडलं. आप्पा निपाणीकडचे जैन. घरी मराठी बोलत, रागावले की कानडी. अंड्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता आणि नशिबानं त्यांना कोंबड्यांच्या रजिस्टरापुढं आणून बसवलं होतं. पहिल्याच महिन्यात ते साहेबापुढं उभे राहिले आणि म्हणाले, ही पाटी आसपासच्या खेड्यांत वाटून टाका, ज्याच्याकडं खुडूक कोंबडी असेल तो वाढवेल. साहेबानं ऐकलं. मला मात्र आप्पा रोज ऐकवत, "दत्तू, तू हात लावलास की एकाला घर आणि एकाला वनवास. ह्ये काम मला दिलं आसतं तर मी पळून गेलो आसतो बघ."

आमची गिऱ्हाइकंही एकेक नमुना होती. गावठी कोंबड्यांची जात सुधारावी म्हणून साहेब खेड्यातल्या लोकांना सांगे, तुमचा गावठी कोंबडा आणा, बदल्यात विलायती घेऊन जा. कोगनोळीचे एक म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणत, आपला कोंबडा बगलेत मारून एवढ्या लांब आले. मी त्यांना पाहून-पारखून पांढराफेक कोंबडा दिला. महिन्याभरात तात्या दुसरा गावठी कोंबडा घेऊन हजर.

"पहिल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"देवीला दिला की."

"अवो तात्या, तो पैदाशीला दिलता!"

"मग? देवीला काय मरतुकडा द्यायचा व्हय?" तात्या माझ्यावरच उखडले. "तुमी लई निवडून दिलासा, म्हनून तर देवीला दिला. आसा निर्मळ पांढरा पंचक्रोशीत कुनी बगितला नव्हता."

माझी आणि देवीची निवड एकच निघाली होती. त्यांना दुसरा कोंबडा द्यायचा नाही, असा साहेबानं हुकूम काढला. तात्या रागानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकून गेले.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. दुसरं महायुद्ध सुरू होतं. बोटी बंद, म्हणून विलायतेहून नवी अंडी-पिल्लं येणं बंद. उबवणीच्या पेटीला रॉकेलचा दिवा लागायचा, आणि रॉकेल मापानं मिळायचं. त्यातच आमच्याकडं मानमोडी आली. कोंबडी मान पिरगाळते आणि दोन दिवसांत जाते, असा तो रोग. पंधरा दिवसांत घरंच्या घरं रिकामी झाली. पैदाशीचे सगळे कोंबडे गेले. उरलेल्या कोंबड्यांत बावीस नंबरची एकच खरी जातिवंत होती. वर्षाला दोनशेच्या घरात अंडी देणारी. तिची कोंबडा जिवंत असतानाची अंडी तेवढी पेटीत होती. साहेबानं आम्हा तिघांना बोलावून साफ सांगितलं. बावीस नंबरच्या पिल्लांतून निर्भेळ कोंबडा आणि चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, मिळाल्या तर फार्म चालेल. नाही मिळाल्या तर उरलेलं विकून फार्मला कुलूप.

तिघं म्हणजे मी, आप्पा आणि गंगाक्का. गंगाक्का शहापूरची. नवरा मागावर लुगडी विणायचा, तो गेल्यावर ती आमच्याकडं पिल्लं सांभाळायला आली. शेगडीची ऊब किती ठेवायची ते तिला थर्मामीटरपेक्षा बरं कळायचं. ती हात आत घालायची आणि म्हणायची, "थंडी वाजतीया पोरास्नी." आणि थर्मामीटर पाहिला की खरंच दोन अंश कमी असायचे. फार्म बंद झालं असतं तर मी गावाकडं शेतावर गेलो असतो, आप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेले असते. गंगाक्काला जायला कुठं जागा नव्हती. दिराच्या घरी ती कोपऱ्यात पडून होती, तेही पगार नेऊन देत होती म्हणून.

बावीस नंबरच्या कप्प्यात नऊ पिल्लं फुटली. आठ खणखणीत होती, त्यांच्या पायाला मी भोकं पाडली. नववं अर्ध्या दिवसानं उशिरा फुटलं, ओलं, पायावर बसकण मारून. पण नियम तो नियम. ते मी पाटीत टाकलं.

दोन महिने आम्ही त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. एक घारीनं नेलं असं वाटलं, पण संध्याकाळी मोजली तर आठच भरली. आम्हाला वाटलं घारीचा नेम चुकला. दुसऱ्या चाळणीच्या आठवडाभर आधी मी स्वतः पिल्लं पाहिली. तिघं सामान्य होती, एकाचा तुरा फाटका, दोघांची बोटं वाकडी. पाच मात्र पाहत राहावं अशी. त्यातला एक कोंबडा तर असा की मी घरी येऊन बायकोला त्याचं वर्णन सांगितलं. चार तलंगा आणि एक कोंबडा. साहेबानं मागितलं होतं तेवढंच देवानं मोजून दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी साहेब निवडीला आला. पहिलं चांगलं पिल्लू त्यानं उचललं, मानेवर फुंकर मारली आणि थांबला. मला जवळ बोलावलं. मानेमागं, तुऱ्याच्या खाली, दोन पिसांच्या टोकांवर काळा ठिपका. साहेबानं तो अंगठ्यानं घासला. गेला नाही. दुसरं उचललं, तिथंच तसाच ठिपका. पाचांनाही. वाईट तीन पिल्लं स्वच्छ पांढरी आणि चांगली पाच डागी. साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "दत्तू, फाटक कोणी उघडं टाकलं होतं?"

म्हणजे गावठी कोंबडा आत शिरला होता आणि तो मी शिरू दिला होता, असा त्याचा अर्थ. मी आठवडाभर आधी या पिल्लांवर स्वतः फुंकर मारली होती. तेव्हा डाग नव्हता. पण पाच-पाच पिल्लांवर डोळ्यांपुढं डाग असताना ते कोणत्या तोंडानं सांगू? माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. शनिवारच्या बाजारात पाचही विकून टाकायचा हुकूम झाला. मी काही न बोलता मान हलवली, याची मला आजही लाज वाटते.

गंगाक्का त्या दिवशी शहापुरात नात्यातल्या बारशाला गेली होती. शनिवारी सकाळी ती आली तेव्हा गाडीवान पिल्लांचं डालगं घेऊन बाजाराला गेलेला.

"माजी बिब्ब्याची पोरं कुटं गेली?" तिनं आत डोकावून विचारलं.

"कसली बिब्ब्याची?"

"बिब्बा लावलाय न्हवं का त्यास्नी. मागं कॅम्पातल्या मडमा आल्यात्या, किती ग्वाड किती ग्वाड करून गेल्या आणि आठ दिसांत मानमोडी आली. ह्या खेपंला म्हटलं, दिष्ट लागू द्यायची न्हाय." ती सहज सांगत होती. "दिव्यावर बिब्बा धरला, सुईच्या टोकानं मानंमागं एकेक ठिपका दिला. लेकराला कानामागं तीट लावतोच की."

"आक्का, पाचांनाच का लावलास?"

"वाकड्या बोटांच्यास्नी कोन दिष्ट लावतंय, अण्णा?"

बिब्ब्याचा डाग म्हणजे धोबी कपड्यांवर खूण करतात तो. कापड फाटेल पण डाग जायचा नाही, मग साहेबाच्या अंगठ्यानं कसा जाणार? मी तिला काय झालं ते सांगितलं. तिच्या तोंडाचा रंग पाहून आप्पा खुर्चीवरून उठले, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "दत्तू, सायकल काढ." आप्पांना सायकलची भयंकर भीती वाटे. त्या दिवशी ते कॅरिअरवर बसले आणि बाजारापर्यंत डोळे मिटून कानडीत देवाचं नाव घेत राहिले.

बाजारात गाडीवान सापडला. डालग्यात चारच. कोंबडा विकला गेला होता. "कोगनोळीचं म्हातारं हुतं," गाडीवान म्हणाला. "पांढरा बघून लई खूश झालं. मोटार अड्ड्याकडं गेलं."

तात्यांच्या हातात पांढरा कोंबडा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कोगनोळीवरून जाणारी कोल्हापूरची मोटार सुटायची वेळ झाली होती, नव्हे होऊन गेली होती. पण त्या दिवसांत पेट्रोल नसल्यानं मोटारी कोळशावर चालत. मागं लोखंडी बंब बसवलेला, क्लीनर पंखा फिरवून निखारा फुलवतोय, ड्रायव्हर त्याला शिव्या देतोय, आणि मोटार जागची हलत नाही. त्या कोळशाला मी हात जोडले. तात्या खिडकीशी बसले होते, मांडीवर आमचा कोंबडा.

"तात्या, तो कोंबडा परत द्या. चुकून विकलाय."

"चुकून बिकून मला सांगू नगा. देवीच्या नावानं घेतलाय. जत्रंपातूर वाढवनार, मग देनार. देवीचं परत घ्याला तुमी कोन?"

पैसे देतो म्हटलं, दोन कोंबडे देतो म्हटलं. तात्या ढिम्म. शेजारचे लोकही त्यांच्याच बाजूनं बोलू लागले, देवीच्या कामात साहेबाची माणसं आडवी येतात म्हणून. तेवढ्यात बंब धगधगला आणि इंजिन खोकलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी खिडकीतून हात घालून कोंबड्याच्या मानेवर फुंकर मारली.

"तात्या, हे काय आहे?"

तात्यांनी वाकून पाहिलं. "काळं?"

"काळंच. नवस कसला बोललाय तुम्ही?"

"निर्मळ पांढऱ्याचा," तात्या पुटपुटले. मग त्यांनी आप्पांकडं पाहिलं. जैन माणूस खोटं बोलणार नाही, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक. "आप्पा, तुमी सांगा. डाग हाय का न्हाय?"

आप्पा घामाघूम झाले होते. "डाग हाय," ते म्हणाले. "मी डोळ्यानं बघतोय, डाग हाय." डाग कशाचा ते तात्यांनी विचारलं नाही आणि आप्पांनी सांगितलं नाही.

तात्यांनी कोंबडा खिडकीतून माझ्या हातात दिला. वर मलाच दम भरला, "डागी माल पांढरा म्हनून इकता व्हय? देवीचा कोप झाला आसता माज्यावर!" मोटार धूर सोडत निघून गेली. आप्पा रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि पोट धरून हसले. मी त्यांना एवढं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

परत आल्यावर पाचही आमचीच आहेत ना, याची खात्री करायला मी पाय पाहिले. चारांच्या डाव्या पायाला भोक. कोंबड्याच्या पायाला नाही. मी दोन्ही पाय पाहिले, बोटं ताणून पाहिली. गंगाक्का खाली मान घालून उभी होती.

"त्यो नववा हाय," ती म्हणाली. "तू पाटीत टाकलेला. मी उचलला त्येला. चार दिस लुगड्यात बांधून पोटाशी धरला, मग उठला आपला. घारीनं एक न्हेलं, तवा त्येला आत सोडला."

ज्याचं वर्णन मी बायकोला सांगितलं, ज्याच्यासाठी मोटारीमागं पळालो, ते पिल्लू मी पहिल्याच दिवशी टाकलं होतं. दोन महिन्यांनी हातात घेतलं तेव्हा पायाचं भोक पाहायचंही विसरलो, कारण ते इतकं सुरेख दिसत होतं की आपणच निवडलेलं असणार असं धरून चाललो.

साहेबाला बिब्बा म्हणजे काय ते समजावणं अवघड होतं. शेवटी आप्पांनी विनंती केली की साहेबानं आपल्या कॉलरची आतली बाजू पाहावी. तिथं धोब्याची काळी खूण होती. साहेबानं ती पाहिली, मग कोंबड्याची मान पाहिली. तो हसला नाही. म्हणाला, "डागाची पिसं उपटा. तीन आठवडे थांबू. पांढरी उगवली तर ठीक. काळी उगवली तर कुलूप."

ते तीन आठवडे आम्ही तिघांनी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. रोज सकाळी तिघंही पाच मानांवर फुंकर मारायचो. उपटलेल्या जागी आधी निळसर खुंट येतात, ते पाहून गंगाक्काचं अवसान गेलं. पिसाची नळी आधी तशीच दिसते, हे मी तिला दिवसातून दहादा सांगायचो आणि स्वतःही घाबरायचो. मग एका सकाळी नळी फुटली आणि आतून बारीक पांढरं टोक आलं. दुसऱ्याचं आलं. पाचांचंही आलं. गंगाक्का पदर तोंडाला लावून रडली, मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

साहेबानं निवड केली. चार तलंगा घेतल्या आणि कोंबडा हातात घेऊन म्हणाला, "हा या फार्मचा बाप."

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण आप्पा समोर बसले होते आणि मोटार अड्ड्यावर त्यांनी जेवढं खरं बोलता येतं तेवढं बोलून दाखवलं होतं. मी कोंबड्याचा पाय साहेबापुढं धरला आणि सांगितलं, याला भोक नाही, याला मी टाकला होता, गंगाक्कानं उचलला. अंडं बावीस नंबरच्याच कप्प्यातलं, याची मी हमी दिली.

साहेबानं पायाची बोटं ताणून पाहिली. मग त्यानं गंगाक्काला विचारायला सांगितलं, एवढ्या ओल्या पिल्लात तिनं काय पाहिलं?

"मला काय कळतंय?" गंगाक्का म्हणाली. "दत्तूअण्णानं टाकताना त्येच्याकडं बगितलंच न्हाय. कुनीतरी बगायला पायजे म्हनून मी बगितलं. बगितलं तवा त्येनंबी माज्याकडं बगितलं."

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी पिल्लं निवडली. पाटीत एखादं टाकायची वेळ आली की ते तोंडासमोर धरून नीट पाहायचो, मगच टाकायचो. टाकायची तितकीच टाकली, नियम काही बदलला नाही. पण त्याआधी ज्यांच्याकडं न पाहता हात फिरवला ती किती असतील, याचा हिशेब माझ्याकडं नाही, आणि तो विचार आला की अजून झोप लागत नाही.

त्या दिवशी आप्पांनी रजिस्टर उघडलं. कोंबड्याचं नाव-गाव, आई बावीस नंबर, सगळं लिहून झालं. शेवटच्या रकान्यात निवड करणाऱ्याचं नाव लिहायचं असे. तिथं वरपासून खालपर्यंत माझंच नाव होतं. आप्पांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडं पाहत थांबले.

"लिहा, आप्पा," मी म्हटलं. "गंगाक्का, शहापूर."